उभी लाट, धावती लाट

थेरगावात केजूदेवीच्या बंधाऱ्यावरून पावसाळ्यात पवना नदी कोसळते, तेव्हा पायथ्याशी पाण्याची आडवी वळकटी उठते. पाणी पुढे पळत राहतं, लाट मात्र जागची हलत नाही. जर्मनीत म्युनिकला आइसबाख ओढ्यात अशाच उभ्या लाटेवर सर्फिंग चालतं. (आपल्याकडे कुणी हा नाद करू नये. बंधाऱ्याखालचं फिरतं पाणी माणसाला सोडत नाही.)

समुद्रात सगळं उलटं. लाट धावते, पाणी जागच्या जागी गोल फिरून जवळपास तिथंच येतं.

मालवणजवळ देवबागला हे अंगावर कळतं. एकीकडे अरबी समुद्र, दुसरीकडे कर्ली नदी, मधे माडांची चिंचोळी जमीन आणि संगमापाशी ओहोटीला उघडा पडणारा वाळूचा पट्टा. एप्रिलमधली सकाळ. सर्फबोर्डवर पालथा पडून मी लाटेची वाट बघत होतो. दहा मिनिटं नुसतं ऊन. मग गुडघाभर उंचीच्या तीन-चार आल्या, घड्याळ लावल्यासारख्या, चौदा-चौदा सेकंदांनी. मी उठून उभा राहीपर्यंत खेळ खलास!

पण त्या चौदा सेकंदांत लाटेचं गाव कळतं. जवळच्या वाऱ्याच्या लाटा चार-पाच सेकंदांनी येतात. इतक्या निवांत येणाऱ्या लाटा बहुधा थेट अंटार्क्टिकाभोवतीच्या वादळांतून निघालेल्या असतात. खोल समुद्रात त्यांची ऊर्जा ताशी सुमारे ४० किलोमीटरनं सरकते, म्हणजे आपल्या रिक्षाचा वेग. सहा हजार किलोमीटरांना सव्वासहा दिवस लागतात. गेल्या आठवड्यातलं वादळ आज माझ्या गुडघ्याला लागत होतं.

मग एवढी मरगळ का? वाटेत लाट पसरत, पातळ होत येते. शिवाय अशा लाटेची लांबी ३०० मीटर, त्यामुळे १५० मीटर खोलीपासूनच तिला तळ जाणवायला लागतो. कोकणचा तळ उतरता-उतरता बराच लांब जातो, तेवढं घासत यावं लागतं. त्यात दोन वादळांच्या लाटा एकमेकींत मिसळल्या, की कधी जोर वाढतो, कधी सगळं सपाट.

फुटायलाही तिला वाळू लागते. ६० सेंटिमीटरची लाट साधारण पाऊण मीटर पाण्यात कोसळते. त्याहून खोल पाणी असलं, तर नाही.

अकराच्या सुमाराला भरती चढली, पट्टा बुडाला. लाटा येतच होत्या. मला अलगद उचलून, खाली ठेवून, न फुटताच कर्लीत शिरत होत्या.