पेमेंट कंपनी बदलली तरी बुकिंग फॉर्म तोच राहिला पाहिजे

पेमेंटचं बटण कसं जोडायचं ते व्हिडिओत दाखवलंय. ते बुकिंग फॉर्मच्या पोटात का घुसवायचं नाही, ते इथे बघूया.

समजा, पन्हाळ्यावर तुमचं चार खोल्यांचं लॉज आहे. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात आपला पन्हाळाही आहे. कोल्हापूरच्या ओळखीवर येणाऱ्यांपलीकडचा पाहुणा आता तुम्हाला वेबसाइटवरच शोधणार. तिथला फॉर्म साधा: नाव, मोबाइल, तारीख, खोली. तारखेचा रकाना, फोनचा रकाना ब्राउझर स्वतःच देतो. होस्टिंग बदला, फ्रेमवर्क बदला, फॉर्म चालतो.

मग पेमेंट कंपनी म्हणते, आमचा कोड टाका. डेव्हलपर पोरगा सबमिटचं बटण काढतो आणि तिथे कंपनीचं बसवतो. झालं! आता पैसे भरले तरच बुकिंग तुमच्यापर्यंत येणार. उद्या कमिशन वाढलं आणि कंपनी बदलायची ठरवलीत, तर अख्खा फॉर्म नव्याने लिहा. आणि पाहुण्याच्या मोबाइलला एकच काडी रेंज असली, कंपनीची स्क्रिप्ट उतरलीच नाही, तर बटणच दिसत नाही. शनिवारची खोली रिकामी.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी बुकिंग तुमच्याकडे नोंदवा, मग पैसे मागा.

कंपनीचं खास काही लागतच नाही असं मात्र नाही. यूपीआयचंच घ्या. एनपीसीआयने 2016 मध्ये ते आणलं आणि त्याच्या पेमेंट लिंकचा साचा सगळ्यांना एकच आहे: कोणाला, कोणत्या नावाने, किती. अँड्रॉइडवर ती लिंक दाबली की कुठल्या अ‍ॅपने भरायचं ते विचारतात. आयफोनवर तशी निवड येत नाही, एकच अ‍ॅप उघडतं, आणि कुठलं ते आपल्या हातात नसतं. म्हणून फोनपे, गूगल पे यांच्या स्वतःच्या लिंका द्याव्या लागतात. द्या की! पण मूळ यूपीआय लिंक जागेवर ठेवून, तिच्या खाली जादा म्हणून.

अशा जादा गोष्टींसाठी एचटीएमएलने जागा राखूनच ठेवलीय. ‘डेटा’ आणि हायफनने सुरू होणारं अ‍ॅट्रिब्यूट तुमचं, ब्राउझर त्याला स्वतःचा अर्थ लावत नाही. स्वतःचा टॅग बनवलात तर नावात हायफन लागतोच, त्यामुळे प्रमाण टॅगशी टक्कर होत नाही. पेमेंटच्या बटणावर एवढी खूण पुरे. कंपनीचा बाकी सगळा कोड एका वेगळ्या फाइलमध्ये, आणि साइटने त्या फाइलला फक्त रक्कम आणि बुकिंग नंबर द्यायचा. रिअ‍ॅक्ट असो की व्ह्यू, कंपनीचं नाव एकाच कंपोनंटमध्ये दिसलं पाहिजे.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. साइटवाले सीएसएसमध्ये नुसता ‘वेबकिट’चा उपसर्ग लिहीत सुटले, आणि 2016 मध्ये फायरफॉक्सला दुसऱ्याचा तो उपसर्ग स्वतःत घ्यावा लागला.

डेव्हलपरचं बिल देण्याआधी एक करा. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जावास्क्रिप्ट बंद करा आणि स्वतःच एक खोली बुक करा. ‘पैसे बाकी’ अशी नोंद तुमच्या ईमेलवर आली, तर बिल द्या.