काडतुसाची परीक्षा कागदावर

काडतुसांच्या दुकानात नवखा नेमबाज पहिला प्रश्न विचारतो तो ठरलेला: “सगळ्यांत चांगलं कोणतं?” दुकानदारही ठरलेलं उत्तर देतो आणि सगळ्यांत महागडी पेटी पुढे सरकवतो. आपल्या माळव्यात तर म्हणच आहे, ‘महँगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार.’ साडी आणि मिक्सर घेताना ती खरी ठरत असेलही. काडतुसांच्या बाबतीत मात्र तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, असं माझं मत झालं आहे. ते कसं झालं, ते सांगतो.

माझी भाची बावीस वर्षांची. दोन वर्षांपासून ती ट्रॅप नेमबाजी शिकते आहे. भोपाळच्या मनीषा कीरने २०१८ साली चांगवॉनच्या जागतिक स्पर्धेत कनिष्ठ महिलांच्या ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवलं, तेव्हापासून आपल्या प्रदेशातल्या मुलींना हा खेळ परका राहिलेला नाही. त्याआधी २००४ साली अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक जिंकलं होतं, ते तर सगळ्यांनाच आठवत असेल. पण पदकांच्या बातमीत काडतुसांचा खर्च छापून येत नाही.

या खेळात ११ सेंटिमीटर व्यासाची मातीसारखी ठिसूळ ताटली यंत्रातून वेगाने उडते आणि ती हवेतच फोडायची असते. एका फेरीत पंचवीस ताटल्या. प्रत्येकीवर दोन बार टाकायची मुभा असते. दिवसाला चार फेऱ्या केल्या, तर नवख्याची दीडशे काडतुसं सहज संपतात. दोन प्रकारच्या काडतुसांत नगामागे १० रुपयांचा फरक धरा. दिवसाचे १,५०० झाले. महिन्यात आठ दिवस सराव केला, तर १२,०००. नोकरदाराच्या घरात एवढ्या पैशांत बरंच काही होतं.

गेल्या वर्षी भाचीचे गुण अडकले. पंचवीसपैकी सोळा-सतरापुढे जाईनात. तिचं म्हणणं, “मामा, आपली काडतुसं हलकी आहेत, म्हणून ताटल्या सुटतात. बाकीच्या मुली महागडी वापरतात.” ताई मुदत ठेव मोडायला निघाली. मेहुण्यांचं म्हणणं, परवडत नसेल तर खेळच बंद करावा. घरात अबोला सुरू झाला. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. माझं म्हणणं एवढंच होतं की, ठेव मोडायची की खेळ, हे ठरवण्याआधी मोजून तर पाहू. तिच्या प्रशिक्षकांनी ते लगेच मानलं. “पॅटर्न घेऊ या,” ते म्हणाले.

पॅटर्न म्हणजे छर्ऱ्यांचा कागदावर उमटलेला पसारा. रायफलमधून एक गोळी सुटते. शॉटगनमधून शेकडो छर्रे एकदम सुटतात आणि पुढे जाता जाता पसरतात. नळीच्या तोंडाशी किंचित आवळपणा ठेवलेला असतो, त्याला चोक म्हणतात. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास साधारण १८.५ मिलिमीटर असतो आणि फुल चोकमध्ये तोंडाशी तो सुमारे १ मिलिमीटरने कमी होतो. एवढ्याशा फरकाने पसारा बदलतो. जुन्या प्रमाणानुसार ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात सरळ नळी सुमारे ४० टक्के छर्रे टाकते, हाफ चोक ६० टक्के आणि फुल चोक ७० टक्के. पण हे झालं पुस्तकी प्रमाण. तीच नळी, तोच चोक आणि काडतूस वेगळं, की आकडा बदलतो. म्हणून आपल्या बंदुकीला कोणतं काडतूस मानवतं, हे खोक्यावर वाचून कळत नाही.

आम्ही केलं ते असं. छापखान्यातून कोऱ्या न्यूजप्रिंटच्या रिळाचा उरलेला तुकडा मागून आणला आणि त्याचे चार फूट लांबी-रुंदीचे कागद कापले. मधोमध काळा ठिपका काढला. रेंजवर, मागे मातीचा उंच बांध असलेल्या जागी, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली कागद चौकटीवर ताणून लावले. अंतर ३५ मीटर ठेवलं, कारण भाचीच्या ताटल्या साधारण तेवढ्यावर फुटतात. बंदूक तीच, नळी पहिलीच, चोकही तोच. काडतुसं तीन प्रकारची: महाग, मधली आणि स्वस्त. प्रत्येकाचे पाच बार आणि प्रत्येक बाराला नवा कागद. एका कागदावरून निष्कर्ष काढणं म्हणजे एका शितावरून भात नव्हे, अख्खी पंगत जोखण्यासारखं आहे.

बार झाल्यावर जिथे भोकं सर्वांत दाट, तो मध्य धरून ७६ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढायचं आणि आतली भोकं मोजायची. मोजलेल्या भोकावर पेनाने खूण करत जायचं, म्हणजे घोळ होत नाही. ट्रॅपच्या स्पर्धेत काडतुसात २४ ग्रॅम छर्रे भरलेले असतात. २.४ मिलिमीटरचे छर्रे असले, तर ते साधारण ३०० भरतात.

आमच्या कागदांवर महागड्या काडतुसाची सरासरी २१४ आली, मधल्याची २०७ आणि स्वस्ताची १७८. पण सरासरीपेक्षा बोलका होता तो चढउतार. महागड्याचे पाच बार २०६ ते २२१ मध्ये राहिले, मधल्याचे १९९ ते २१६ मध्ये. स्वस्ताचा एक बार २०३, तर दुसरा १४९! म्हणजे नेम तोच, पण एकदा ताटली फुटणार आणि एकदा सुटणार. काडतुसांची नावं मी मुद्दाम देत नाही, कारण हा निकाल त्या एका बंदुकीपुरता आहे. तुमच्या नळीत तो उलटाही येईल.

दोनशे भोकं म्हणजे खूप, असं वाटतं ना? मग हा हिशोब पाहा. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ४,५०० चौरस सेंटिमीटर आहे. त्यात २१० छर्रे, म्हणजे एका छर्ऱ्याच्या वाट्याला साडेएकवीस चौरस सेंटिमीटर आले. ताटली पूर्ण समोरून दिसली तर तिच्यावर सरासरी चार छर्रे बसतील. पण पळती ताटली बरेचदा कडेनेच दिसते. अकरा सेंटिमीटर लांब आणि अडीच जाड अशी ती कड, म्हणजे सरासरी फक्त सव्वा छर्रा! म्हणून नुसती संख्या मोजून भागत नाही, मोकळ्या जागाही पाहाव्या लागतात. भाचीने पुठ्ठ्याची ताटलीएवढी चकती कापली आणि कागदावर फिरवली. स्वस्ताच्या कागदांवर ती चकती एकाही भोकाला न शिवता बसेल अशा जागा वर्तुळाच्या आतही सापडल्या. बाकीच्या दोन्हींत त्या नव्हत्या.

असं का होतं, तेही प्रशिक्षकांनी समजावून सांगितलं. शिसं मऊ असतं. बार उडताना छर्रे एकमेकांवर दाबले जाऊन चेपतात आणि चेपलेला छर्रा सरळ जात नाही. शिशात अँटिमनी मिसळली की छर्रा कठीण होतो, पण किंमत वाढते. छर्ऱ्यांभोवतीची प्लास्टिकची वाटी, म्हणजे वॅड, त्यांना नळीत घासण्यापासून वाचवते. पैसे मोजायचे तर यासाठी मोजावेत. काडतुसाच्या बुडाची पितळी पट्टी उंच आहे, रंग झळाळता आहे किंवा खोक्यावर मोठा वेग छापला आहे, यासाठी नव्हे. वेग जास्त म्हणजे खांद्याला धक्का जास्त, आणि धक्क्याला बिचकलेला नवखा बंदूक उचलतानाच चुकतो.

मग आम्ही मधलं काडतूस निवडलं. महागड्याचे सात छर्रे जास्त होते खरे, पण पाच बारांच्या चढउतारात ते हरवून जातात. तेवढ्यासाठी ठेव मोडणं शहाणपणाचं नव्हतं.

मात्र खरी गोष्ट पुढेच होती. स्वस्त काडतूस गेल्यावर भाचीचे गुण अठरावर आले आणि तिथेच थांबले. कागदाने तिच्या तक्रारीतला खरा भाग किती, हे सांगितलं. उरलेला भाग तिचा होता. ताटली निघण्याआधीच डोळा नळीकडे वळायचा आणि गाल दस्त्यावरून उचलला जायचा. तिने पुन्हा ‘काडतूस’ हा शब्द काढला नाही. आता ती रोज घरी, रिकाम्या बंदुकीने आरशासमोर वीस मिनिटं दस्ता गालाला लावायचा सराव करते. त्याला एक पैसाही पडत नाही. परवा एका फेरीत तिने एकवीस ताटल्या फोडल्या. मेहुणे फोनवर मला म्हणाले, “अहो, एकवीस म्हणजे बरे ना?” खेळ बंद करायचा विषय त्यांनी काढला नाही.

कुणाच्या घरी असा नवा नेमबाज असेल, तर थोडक्यात सांगतो. आधी एकच पेटी घ्या आणि कागदावर पाहा. पसंत पडलं तर त्याच लॉट क्रमांकाचं, परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेत घ्या. जुनी घराण्यातली बंदूक असेल, तर तिच्या नळीचा खाना किती लांबीचा आहे, हे जाणकाराकडून तपासल्याशिवाय त्यात काहीही भरू नका. ६५ मिलिमीटरच्या खान्यात ७० मिलिमीटरचं काडतूस शिरतं, पण उडताना त्याला उघडायला जागा उरत नाही आणि नळीतला दाब धोकादायक वाढतो. पावसाळ्यात काडतुसं कोरड्या, कुलूपबंद जागी ठेवा. सराव आणि स्पर्धा यांसाठी वेगळी काडतुसं वापरायची असतील, तर दोन्हींचा पसारा ठिपक्याभोवती एकाच जागी पडतो का, तेही पाहा. हे सगळं रेंजवरच करायचं, शेतात किंवा गच्चीवर नव्हे. कानाला आणि डोळ्यांना संरक्षण हवंच. काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नका, कारण शिसं विषारी आहे.

आणि कागद टाकून देऊ नका. ताईने ते पंधरा कागद गुंडाळून कपाटावर ठेवले आहेत. दुकानात कुणी महागडी पेटी पुढे सरकवली, की भाची म्हणते, “थांबा काका, आधी एक पेटी उडवून बघते.”