एक फळा, दोन खडू

सिरसाळ्यातील एका शाळेचा संगणक वायरलेस कार्डावरून इंटरनेट चालू असताना मध्येच गोठत असे. कधी दिवसातून तीनदा, कधी आठवडाभर नाही. वीज, उन्हाळा, धूळ असे सगळे संशय घेऊन झाले. अखेर सातवीतल्या एका मुलावर आळ आला, कारण शेवटचा हात त्याचा होता. सुट्टीत गावी गेलो असताना गुरुजींनी तो संगणक मला दाखवला.

बिघाड शोधायचा तर आधी तो हवा तेव्हा घडवता आला पाहिजे. मोठी फाईल उतरवत असताना आम्ही कार्ड वारंवार बंद-चालू केले. दहा मिनिटांत संगणक गोठला. मग एकच गोष्ट बदलली. संगणकात दोन प्रोसेसर होते. लिनक्स सुरू होताना एकच वापरण्याची सूचना दिली. तोच प्रयोग तासभर केला, पण काही झाले नाही. पुन्हा दोन्ही चालू करताच संगणक गोठला. वीज तीच, धूळही तीच! पडद्यावरच्या शेवटच्या संदेशात कार्डाच्या ड्रायव्हरचे, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या आज्ञावलीचे, नाव होते.

हे कसे घडते? समजा, फळ्यावर हजर मुलांची संख्या ४० लिहिली आहे. एक मॉनिटर ५ मुले मिळवायला येतो, दुसरा ७. दोघेही एकाच वेळी ४० वाचतात. पहिला ४५ लिहितो. दुसरा ते पुसून ४७ लिहितो. खरे उत्तर ५२! दोघांचीही बेरीज बरोबर, तरी हिशेब चुकला. दोघे मागेपुढे आले असते तर चूक दिसलीच नसती. म्हणून असा बिघाड 'कधी कधीच' होतो.

ड्रायव्हरमध्येही तेच होत होते. एक प्रोसेसर आलेली माहिती स्मृतीत ठेवत असतानाच दुसरा कार्ड बंद करून तीच जागा मोकळी करीत होता. प्रोसेसर एकच असेल तर 'मध्ये व्यत्यय नको' एवढी सूचना पुरते. दोन असतील तर ती सूचना स्वतःपुरतीच लागू होते. दुसरा मोकळाच राहतो. लिनक्सला अनेक प्रोसेसर वापरण्याची सोय १९९६ साली २.० या आवृत्तीत आली, आणि एकाच प्रोसेसरसाठी लिहिलेले ड्रायव्हर सुधारणे भाग पडले.

१९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने बांधलेल्या 'परम ८०००' मध्ये प्रत्येक प्रोसेसरची स्मृती स्वतंत्र होती. ते एकमेकांना निरोप पाठवीत. तेथे फळाच वेगवेगळा! आपल्या नेहमीच्या संगणकात मात्र फळा सामायिक असतो.

उपाय सोपा आहे. खडू एकच ठेवायचा, आणि खडू हाती आल्याशिवाय लिहायचे तर नाहीच, वाचायचेही नाही. आज्ञावलीत या खडूला 'लॉक' म्हणतात. दुरुस्त ड्रायव्हर टाकून आम्ही दोन्ही प्रोसेसरांवर तोच प्रयोग दिवसभर केला. संगणक गोठला नाही. अर्थात नुसते न गोठणे हा पुरावा पुरेसा नव्हे. कारण कळले आणि त्या कारणावरच उपाय झाला, म्हणून विश्वास ठेवायचा.

शेवटचा प्रयोग आम्ही त्या मुलाच्याच हातून करवला. गुरुजींनी वर्गासमोर सांगितले, "चूक याची नव्हती." आपल्या वर्गातही दोन खडू देऊन हा खेळ जरूर करून पाहा.