अति तिथे माती, पण माती म्हणजे घाण नव्हे



पालकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "सर, आम्ही मातीत लोळून, विहिरीचं पाणी पिऊन, शिळी भाकर खाऊन मोठे झालो. आम्हाला काही झालं नाही. आताची लेकरं जरा हवा बदलली की शिंकतात. जास्तीच्या स्वच्छतेनं आणि या नव्या खाण्यानंच पोरं कमजोर झाली." हसनाबादसारख्या गावात हे म्हणणं पारावर ऐकायला मिळतं, तसं शिक्षकांच्या खोलीतही. हे पूर्ण खरं असेल, तर शाळेतलं हात धुण्याचं शिकवणं बंद करावं लागेल. पूर्ण खोटं असेल, तर मुलांना मातीत खेळू देऊ नये असा अर्थ निघेल. दोन्हीकडे नुकसान लेकरांचंच. म्हणून आज हा विषय जरा सुटा करून पाहू.

"आम्हाला काही झालं नाही"

या वाक्यात एक चूक दडलेली आहे. पारावर बसून आठवणी सांगायला आज जे हजर आहेत, ते वाचलेले लोक आहेत. जे वाचले नाहीत, ते सांगायला येत नाहीत. 1971 साली भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 129 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. म्हणजे साधारण आठातलं एक. 2020 साली हा आकडा देशात 28 आणि महाराष्ट्रात 16 वर आला. 1951 च्या सुमारास भारतीय माणसाचं सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं, आता ते सत्तरीच्या घरात आहे. घरातल्या आजीला विचारून पाहा, तिच्या आईला किती लेकरं झाली आणि किती जगली. उत्तर ऐकून "जुन्या काळचे लोक दणकट होते" हे वाक्य आपण जपून बोलू.

हा बदल लसीकरण, स्वच्छ पाणी, दवाखान्यातलं बाळंतपण, जुलाबावरची क्षार-संजीवनी आणि साबण या सगळ्यांनी मिळून घडवला. 1847 साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू काही महिन्यांत झपाट्याने घटले. तेव्हा जंतूंचा सिद्धान्त अजून मान्यही झाला नव्हता. आपल्याकडे गाडगेबाबांनी (1876–1956) हातात खराटा घेऊन हीच गोष्ट गावोगाव सांगितली. त्यांच्या नावाने 2000-01 पासून राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. त्यामुळे स्वच्छतेने माणूस कमजोर होतो, असं सरसकट म्हणता येत नाही.

मग शास्त्रज्ञ असं का म्हणतात?

कारण पालकांच्या बोलण्यात थोडं तथ्यही आहे. 1989 साली डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकाने 17 हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासली. ज्यांना मोठी भावंडं जास्त, त्यांना परागकणांमुळे होणारी सर्दी आणि शिंका कमी, असं त्याला दिसलं. भावंडांकडून लहानपणी जंतुसंसर्ग होतो आणि त्याचा फायदा होतो, असा अंदाज त्याने मांडला. त्यातून "जास्त स्वच्छता वाईट" ही कल्पना जगभर पसरली.

पुढच्या संशोधनाने हा अंदाज सुधारला. 2003 साली ग्रॅहम रूक यांनी मांडलं की शरीराला रोगजंतूंची गरज नाही. गरज आहे ती निरुपद्रवी सूक्ष्मजीवांच्या सोबतीची. माती, झाडं, गुरंढोरं यांच्याबरोबर ते हजारो वर्षं माणसाजवळ राहिले. त्यांना त्यांनी "जुने सोबती" म्हटलं.

2016 साली अमेरिकेतल्या दोन शेतकरी समाजांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमिश लोक जुन्या पद्धतीने शेती करतात आणि त्यांचे गोठे घराजवळ असतात. हटराइट लोकांची शेती यंत्रांची, मोठ्या प्रमाणावरची आणि घरांपासून दूर. दोघांचं मूळ युरोपातलं, राहणीमानही बरंच सारखं. तरी अमिश शाळकरी मुलांत दम्याचं प्रमाण सुमारे 5 टक्के आणि हटराइट मुलांत सुमारे 21 टक्के निघालं. अमिश घरांतल्या धुळीत गोठ्यातले सूक्ष्मजीव भरपूर होते. लक्षात घ्या, अमिश घरं घाणेरडी नव्हती. ती स्वच्छच होती.

वर्गात हे समजावताना मी प्रतिकारशक्तीला राखणदाराची उपमा देतो. गावात कोण आपलं, कोण परकं हे राखणदाराला लहानपणापासून फिरून कळलं, तर तो चोरालाच धरतो. कोंडून ठेवलेला राखणदार पाहुण्यावरही काठी उगारतो. ॲलर्जी म्हणजे पाहुण्यावर उगारलेली काठी. आणि लस म्हणजे चोर गावात न आणता दाखवलेला त्याचा फोटो.

माती वेगळी, घाण वेगळी

आपला सगळा गोंधळ इथेच होतो. शेतातली माती, वासराच्या पाठीवर हात फिरवणं, झाडावर चढणं, ही एक गोष्ट. मैला, सांडपाणी, उघड्यावरचं अन्न, माश्या, ही दुसरी. पहिलीपासून लेकरू शिकतं, दुसरीमुळे आजारी पडतं.

जंत असले की ॲलर्जी कमी होते, असंही कोणी सांगतं. पण आकडीच्या जंतांनी आतड्यातून रक्त ओढलं, की त्याची किंमत रक्तक्षयाने मोजावी लागते. महाराष्ट्रात 6 ते 59 महिन्यांच्या बालकांत रक्तक्षयाचं प्रमाण 68.9 टक्के आहे, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने दाखवलं. सगळा रक्तक्षय जंतांमुळे होत नाही, खाण्यातलं लोह हेही मोठं कारण आहे. पण अशा राज्यात जंतांची बाजू घेणं परवडणारं नाही. म्हणून शाळेतली जंतनाशक गोळी चुकवू नका.

मुलांनी हात नक्की कधी धुवायचे? शौचानंतर, जेवणाआधी, स्वयंपाकाआधी, बाळाला भरवण्याआधी आणि गोठ्यातून किंवा मातीत खेळून आल्यावर. एवढं पाळलं तरी जुलाबाचे प्रकार साधारण तीस टक्क्यांनी कमी होतात, असं अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष सांगतो. साबण साधा चालतो. "जंतुनाशक" साबणातल्या ट्रायक्लोसानसह 19 रसायनांवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 साली बंदी घातली, कारण हे साबण साध्या साबण-पाण्यापेक्षा सरस आहेत हे कंपन्यांना सिद्ध करता आलं नाही. तसंच साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागू नका. ती विषाणूंवर चालत नाही आणि पोटातले चांगले जिवाणू मात्र मारते.

आता ताटाकडे वळू

पोटातल्या या चांगल्या जिवाणूंचं खाद्य म्हणजे चोथा, तंतुमय पदार्थ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यानुसार 100 ग्रॅममध्ये तंतू असे: बाजरी 11.5 ग्रॅम, ज्वारी 10.2, गव्हाची कणीक 11.4, आणि मैदा फक्त 2.8. म्हणजे पोळी खलनायक नाही. खलनायक आहे तो बिस्किट, टोस्ट, खारी आणि नूडल्समधून रोज पोटात जाणारा मैदा, सोबतीला साखर, मीठ आणि तेल. बाजरीत लोह 6.4 मिलिग्रॅम, मैद्यात 1.8. भाकरीवर लिंबू पिळलेली भाजी असेल तर ते लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाला लागून चहा घेतला तर अडथळा येतो.

आपल्या मुलांना एक जास्तीचा धोका आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास केला. तिथली नवजात बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली 3.5 किलोची. पण आपल्या बाळांत स्नायू कमी आणि वजनाच्या मानाने चरबी जास्त होती. बारीक दिसणाऱ्या माणसालाही आपल्याकडे मधुमेह का गाठतो, याचं एक कारण इथे सापडतं. त्यामुळे "पोरगं बारीकच आहे, खाऊ द्या की कुरकुरीत" हे म्हणणं दुहेरी चुकीचं ठरतं. पाच रुपयांचं पाकीट भूक मारतं, पण लोह आणि प्रथिनं देत नाही.

आपण काय करू शकतो?

1. रिकाम्या पाकिटांचा तास घ्या. मुलांना वेष्टणं आणायला सांगा आणि त्यावरचं सोडियम वाचायला लावा. 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 1 ग्रॅम मीठ. मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाकीचं गणित मुलं स्वतः करतात, आणि घरी जाऊन सांगतातही.

2. डब्यात आठवड्यातून दोन दिवस तरी भाकर, धपाटे किंवा ज्वारीच्या कण्या द्या. सोबत तांदुळजा, घोळ, अंबाडी, मोडाची मटकी. मधल्या वेळेला फुटाणे, शेंगदाणे-गुळाचा लाडू, मोसंबी.

3. माठात हात बुडवू नका, ओगराळं वापरा. उन्हाळ्यात आपल्या जालना जिल्ह्यात पाण्याची टंचाई असते, तेव्हा तोटीच्या बादलीने किंवा झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीने एका तांब्यात बऱ्याच मुलांचे हात धुऊन होतात.

4. मुलांना रोज तासभर बाहेर खेळू द्या. कपडे मळू द्या, ते धुता येतात. फक्त जेवायला बसण्याआधी साबण हातात द्या.

5. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि सगळ्या लसी वेळेवर.

एक शेवटची विनंती. ज्या मुलाला वारंवार धाप लागते, अंगावर गांधी उठतात किंवा वजन वाढत नाही, त्याला "मातीत खेळ, बरा होशील" असं सांगू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या. वर जे सांगितलं ते आजार टाळण्यासाठी आहे, झालेल्या आजारावरचा तो उपचार नव्हे.

पुढच्या पालकसभेत ते वाक्य पुन्हा येईलच. तेव्हा पालकांशी वाद घालण्यापेक्षा त्यांना एवढंच विचारा, "माती म्हणताय की घाण?" पुढची चर्चा आपोआप नीट होते. आपल्या शाळेत यातलं काय करून पाहिलंत, ते जरूर कळवा.