बिल येण्याआधीचं अनुमान

आजचा विषय दिसायला इंजिनिअर मंडळींचा आहे. क्लाउडवर एखादा बदल करण्याआधी त्याचा खर्च किती येईल, हे कसं सांगायचं? पण मुळात हा प्रश्न अनुमानाचा आहे, आणि अनुमान हा आपल्या तर्कशास्त्राचा जुना प्रांत. म्हणून आपण तिथूनच सुरुवात करू.

न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतले दोन आज पुरेत. ढग दाटलेले पाहून ‘पाऊस पडणार’ असं आपण म्हणतो, ते पूर्ववत्, म्हणजे कारणावरून कार्याकडे. नदीला पूर आलेला पाहून ‘वर कुठेतरी पाऊस झाला’ असं म्हणतो, ते शेषवत्, म्हणजे कार्यावरून कारणाकडे. ही उदाहरणं वात्स्यायनाच्या भाष्यपरंपरेतली. ढगाचा योगायोग आपल्या पथ्यावर पडला, इतकंच.

आता क्लाउडकडे वळू. पूर्वी सर्व्हर घ्यायचा म्हणजे मागणीपत्र, कोटेशनं, साहेबांची सही. खर्च आधी कळायचा, यंत्र नंतर यायचं. ॲमेझॉनने २००६ साली एस-थ्री आणि ईसी-टू या सेवा सुरू केल्या आणि यंत्र भाड्याने मिळू लागलं. सोय मोठी झाली, पण क्रम उलटला. यंत्र आधी, बिल नंतर. शिवाय सही करणारा आणि यंत्र सुरू करणारा हे दोघे वेगळे झाले. बिल पाहून ‘हे कुणी सुरू केलं?’ असं विचारणं हे शेषवत् अनुमान. पूर येऊन गेल्यावरचं.

मग पूर्ववत् अनुमान कसं करायचं? त्याला कारण डोळ्यांसमोर हवं. ते २०१४ साली आलेल्या टेराफॉर्मसारख्या साधनांनी आणून दिलं. यात सर्व्हर, डिस्क, नेटवर्क हे सगळं मजकुराच्या फायलीत लिहायचं. ‘प्लॅन’ हा आदेश दिला की काय नवं होणार, काय बदलणार, काय पुसलं जाणार, याची यादी मिळते. तोवर प्रत्यक्षात काहीही झालेलं नसतं. या यादीला दरपत्रक लावलं की अंदाज तयार! इन्फ्राकॉस्ट नावाचं साधन हेच करतं. बदल तपासायला पाठवला, की ‘यामुळे महिन्याला इतके डॉलर वाढतील’ अशी नोंद त्याच्याखाली येते.

एक हिशेब करू. दर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विभागातले, जाहीर केलेले; मुंबई विभागात वेगळे असतात. ‘एम-५ लार्ज’ सर्व्हरचं भाडं तासाला ०.०९६ डॉलर. महिना सरासरी ७३० तासांचा, म्हणजे ७०.०८ डॉलर. फायलीत ‘लार्ज’चं ‘एक्स्ट्रा लार्ज’ केलं तर १४०.१६. असे दहा सर्व्हर असतील, तर एका शब्दाच्या बदलाने महिन्याला ७००.८० डॉलर वाढले. बदल तपासणाऱ्याला शब्द दिसतो. आकडा कुणी दाखवला नाही, तर दिसत नाही.

पण सगळं इतकं सरळ नाही, बरं का. नॅट गेटवे घ्या. खाजगी नेटवर्कमधल्या सर्व्हरना बाहेर इंटरनेटवर जाण्याची ही वाट. तिचं भाडं तासाला ०.०४५ डॉलर, म्हणजे महिन्याला ३२.८५. हा भाग निश्चित. शिवाय तिच्यातून जाणाऱ्या प्रत्येक जीबीला आणखी ०.०४५. महिन्याला ५०० जीबी गेले तर २२.५० डॉलर, २०,००० जीबी गेले तर ९००. फाईल दोन्हीकडे अक्षरशः तीच! फाईल वाचून हा फरक कळणं शक्यच नाही.

न्यायदर्शनात याला उपाधी म्हणतात. धूर आहे तिथे अग्नी असतो. पण अग्नी आहे तिथे धूर असेलच असं नाही. त्याला ओलं इंधन लागतं. ते ओलं इंधन म्हणजे उपाधी. क्लाउडच्या खर्चात प्रत्यक्ष वापर ही उपाधी आहे. चांगला अंदाज ती लपवत नाही. ‘महिन्याला इतके जीबी जातील असं धरलं आहे’ असं तो लिहून ठेवतो. इन्फ्राकॉस्टमध्ये त्यासाठी वापराची वेगळी फाईल असते. तिथले आकडे शक्यतो मागच्या महिन्यांच्या नोंदी पाहून द्यायचे. गर्दीप्रमाणे आपोआप वाढणारे सर्व्हर असतील, तर एकच आकडा न देता किमान आणि कमाल असे दोन द्यावेत.

कुणी म्हणेल, अंदाज चुकणारच, मग खटाटोप कशाला? खर्च मर्यादेबाहेर गेला की इशारा येतोच ना? येतो, पण वापर होऊन गेल्यावर. तोही शेषवत्च. कारण हजर आहे म्हणून कार्य होईलच असं नाही, हा आक्षेप बौद्ध तार्किकांनीही घेतला होता. म्हणून कुणी ढग पाहून छत्री घ्यायचं सोडलं नाही.

आणि इथे हिशेबापलीकडचा एक प्रश्न आहे. परिणाम माहीत नसताना केलेल्या कृतीची जबाबदारी कुणावर? आकडा न दाखवता एखाद्या नव्या मुलाला महिन्याअखेर जाब विचारणं अन्यायाचं आहे. आकडा आधी दिसला, तर तो म्हणू शकतो, ‘खर्च वाढेल, पण या कारणासाठी तो योग्य आहे.’ तेव्हा त्याने खर्च नुसता केला नाही, ठरवून केला. अंदाजाचा खरा उपयोग हा आहे. खर्च अडवणं हे त्याचं एकमेव काम नव्हे.

शेवटी एक सवय सुचवू. महिन्याअखेरीला अंदाज आणि बिल शेजारी ठेवून पाहावेत. फरक पडला असेल, तर कोणती उपाधी सुटली ते शोधावं आणि वापराच्या फायलीत दुरुस्त करावं. म्हणजे शेषवत् अनुमान पूर्ववताला सुधारत जाईल. पुढच्या व्याख्यानात आपण तिसऱ्या प्रकाराकडे, सामान्यतोदृष्टाकडे वळू.