व्हिडिओ गेमचे मुखचित्र

व्हिडिओ गेमच्या खोक्यावर, जाहिरातीत किंवा संगणकावरील विक्रीदालनात त्या खेळाची ओळख म्हणून दिले जाणारे चित्र. खेळ चालू असताना पडद्यावर हलणाऱ्या प्रतिमांहून ते वेगळे असते. पुस्तक विकत घेण्यापूर्वी चाळून पाहता येते. व्हिडिओ गेम यंत्रावर प्रत्यक्ष खेळल्याखेरीज कळत नाही. त्यामुळे मुखचित्र हे ग्राहकाला दिलेले एक प्रकारचे आश्वासनच असते. आतील खेळ आणि बाहेरचे चित्र यांत अंतर किती असावे, हा या कलाप्रकारातील मूलभूत प्रश्न असून त्याचा इतिहास हा बव्हंशी या अंतराचाच इतिहास आहे.

पूर्वपरंपरा : खेळ व चित्रकला यांचा संबंध महाराष्ट्राला अपरिचित नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग असून प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा अशी १२ पाने, म्हणजे एकूण १२० पाने असतात. तेथे चित्र हे खेळाचे साधनच होय. ते ओळखल्याखेरीज डाव खेळता येत नाही. मुखचित्र मात्र खेळात भाग घेत नाही. त्याचे खरे नाते चित्रपटाचे भित्तिपत्रक आणि पुस्तकाचे मुखपृष्ठ यांच्याशी आहे.

या दोन्ही क्षेत्रांत मराठी कलावंतांची कामगिरी मोठी आहे. नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले होते व मुद्रणाचा व्यवसायही केला होता. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटानंतर त्यांनी आपली निर्मिती नाशिक येथे हलविली. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे मुळात चित्रकारच होते. त्यांच्या ‘कल्याण खजिना’ (१९२४) या चित्रपटाच्या भित्तिपत्रकाची गणना आज उपलब्ध असलेल्या आद्य भारतीय भित्तिपत्रकांत होते. मूकपटात रंग नव्हते; भित्तिपत्रकात ते होते. पडद्यावर जे दाखविता येत नाही ते चित्रकाराने पुरवावयाचे, हा क्रम येथेच सुरू झाला. मासिके, दिवाळी अंक व कादंबऱ्या यांच्या मुखपृष्ठांद्वारे दीनानाथ दलाल (१९१६–७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–७६) यांनी हाच क्रम पुढे चालविला. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांना मुळगावकरांच्या मुखपृष्ठांमुळे असे दृश्यरूप मिळाले, की वाचकांच्या मनात त्या नायकांचा चेहरामोहरा त्या चित्रांनीच ठरविला.

इतिहास : घरगुती व्हिडिओ गेमचे मुखचित्र कलाप्रकार म्हणून पुढे आले ते अमेरिकेत. अटारी कंपनीने १९७७ साली बाजारात आणलेल्या यंत्राच्या पडद्यावर आडव्या रेषेत जेमतेम १६० ठिपके मावत आणि सुरुवातीच्या खेळांचे कार्ट्रिज दोन ते चार किलोबाइट क्षमतेचे असे. एवढ्या सामग्रीत रणगाडा म्हणजे काही चौकोनांचा पुंजका होई. याउलट, ‘कॉम्बॅट’ या खेळाच्या खोक्यावर क्लिफ स्पॉन यांनी युद्धप्रसंगांचे भरगच्च रंगचित्र काढले होते. ‘ॲडव्हेंचर’ (१९८०) या खेळात नायक हा केवळ एक लहानसा चौकोन होता. त्याची साहसकथा खोक्यावरील चित्रात होती. ही फसवणूक होती असे सरसकट म्हणता येत नाही. चित्र मनात ठेवून खेळणारा त्या चौकोनात वीराला पाहू शके. मुखचित्र हे येथे कल्पनाशक्तीला दिलेले मार्गदर्शन होते.

ब्रिटनमध्ये बॉब वेकलिन यांनी ओशन या कंपनीसाठी अनेक मुखचित्रे काढली. संगीताच्या ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांमुळे विख्यात झालेले रॉजर डीन यांनी सिग्नोसिस या कंपनीसाठी ‘शॅडो ऑफ द बीस्ट’ (१९८९) यासारख्या खेळांची चित्रे काढली. जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ (१९८६) या मालिकेसाठी चित्रकथाकार अकिरा तोरियामा (१९५५–२०२४) यांनी, तर ‘फायनल फँटसी’ (१९८७) या मालिकेसाठी योशिताका अमानो (जन्म १९५२) यांनी पात्रचित्रे तयार केली. अमानो यांच्या नाजूक रेषेतील तरल आकृती आणि पडद्यावरील ठोकळेवजा बाहुल्या यांत साम्य फारसे नव्हते; परंतु मालिकेचा भाववृत्तीचा ठसा त्या चित्रांनीच उमटविला.

अंतर अयोग्य तऱ्हेने वाढले, की चित्र हास्यास्पद ठरते. कॅपकॉम कंपनीच्या ‘मेगा मॅन’ (१९८७) या खेळाचा नायक हा हाताच्या जागी तोफ असलेला यंत्रबालक आहे. अमेरिकी आवृत्तीच्या खोक्यावर मात्र हातात पिस्तूल घेतलेला एक प्रौढ पुरुष दाखविला गेला. हे चित्र इतके कुप्रसिद्ध झाले, की २०१२ साली त्याच कंपनीने आपल्या दुसऱ्या एका खेळात त्या चित्रातील नायकाला विनोदी पात्र म्हणून उतरविले. भारतात १९९० नंतर घरोघरी आलेल्या, दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या स्वस्त यंत्रांच्या कार्ट्रिजांना बोलीत ‘कॅसेट’ म्हणत. त्यांपैकी पुष्कळांवर भलत्याच खेळांची चित्रे चिकटविलेली असत आणि वर छापलेली खेळांची संख्या आतील खेळांशी जुळत नसे. आश्वासनाला खेळाचा आधारच नसला म्हणजे काय होते, हे त्या पिढीतील मुलांनी अनुभवले.

पुढे यंत्रांची क्षमता वाढली आणि पडद्यावर वास्तवसदृश प्रतिमा दिसू लागल्या. तेव्हा उणीव भरून काढणे हे मुखचित्राचे काम उरले नाही. खेळाचा भाव एका स्थिर प्रतिमेत गोठविणे हे त्याचे काम झाले. डॉन इव्हान पंचाट्झ यांच्या ‘डूम’ (१९९३) या खेळाच्या चित्रात राक्षसांनी घेरलेला एकाकी सैनिक दिसतो. ‘इको’ (२००१) या खेळाच्या जपानी व यूरोपीय आवृत्त्यांचे चित्र खेळाचे दिग्दर्शक फुमितो उएदा यांनी जॉर्जो दे किरिको (१८८८–१९७८) या इटालियन चित्रकाराच्या प्रभावाखाली काढले. त्यातील लांब सावल्या व ओसाड वास्तू यांत खेळातील कोणताही रोमांचक प्रसंग नाही. खेळातील एकाकीपण मात्र आहे.

निर्मितिप्रक्रिया : चित्रकाराला प्रथम पात्रांची रेखाटने, खेळातील स्थळांची चित्रे व कथेचा सारांश पुरविला जातो. त्यावरून तो अनेक छोटी कच्ची रेखाटने करतो. त्यांत प्रामुख्याने मुख्य आकृतीची बाह्यरेषा, छायाप्रकाशाची विभागणी आणि दृष्टीचा मार्ग ठरविला जातो. एक रेखाटन पसंत झाल्यावर रंगयोजना व अंतिम चित्रण होते. शीर्षक, प्रकाशकाचे बोधचिन्ह आणि वयोमर्यादेचे चिन्ह यांसाठी जागा मोकळी सोडावी लागते. वयोमर्यादा ठरविण्याची पद्धत अमेरिकेत १९९४ पासून, तर यूरोपात २००३ पासून अस्तित्वात आहे. पूर्वी ही चित्रे जलरंग, ॲक्रिलिक, तैलरंग व हवेच्या दाबाने रंग फवारणारी लेखणी यांनी काढली जात. आता बहुतेक काम संगणकाशी जोडलेल्या रेखनफलकावर होते. साधन बदलले, तरी पाया रेखाटनाचाच राहिला आहे. स्थळचित्रणासाठी प्रत्यक्ष जागेवर बसून केलेल्या अभ्यासाला पर्याय नाही. नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांनी गोदाकाठचे घाट व देवळे यांच्या जलरंगांतील चित्रणात जोपासलेली दृष्टी, म्हणजे पाण्यावरचा प्रकाश आणि दगडी पायऱ्यांची लय नेमकी टिपणे, ही काल्पनिक नगर रंगविणाऱ्यालाही तितकीच आवश्यक असते.

खोक्यांची विक्री घटून खेळ संगणकीय दालनांतून विकले जाऊ लागल्यावर मुखचित्र टपाल-तिकिटाएवढ्या आकारातही ओळखू यावे लागते. त्यामुळे गर्दीची रचना मागे पडून एकच आकृती, ठळक बाह्यरेषा व दोन-तीन विरोधी रंग यांवर भर आला. एकच चित्र उभ्या, आडव्या व चौरस आकारांत बसवावे लागत असल्याने पार्श्वभूमी व आकृती स्वतंत्र थरांत रंगवितात.

महाराष्ट्रातील प्रयत्न : पुणे येथील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ प्रसिद्ध केला. असुरांनी पळविलेल्या आपल्या भावाच्या शोधात निघालेली राजी ही त्याची नायिका असून दुर्गा व विष्णू हे कथेचे निवेदक आहेत. त्याच्या दृश्यरचनेवर पहाडी लघुचित्रशैली व राजस्थानी वास्तुकला यांचा प्रभाव असून कथाभाग छायाबाहुल्यांच्या पद्धतीने मांडला आहे. या खेळात प्रचाराचे चित्र व पडद्यावरील दृश्य एकाच परंपरेतून घडलेले असल्याने दोहोंत विसंवाद राहत नाही. पुण्याच्याच सुपरगेमिंग या संस्थेचा ‘इंडस’ (२०२४) हा खेळ भारतीय रूपाकारांचा भविष्यकाळाशी मेळ घालतो.

चित्रकाराचे हक्क : भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ याच्या १७ व्या कलमान्वये मोबदला देऊन काढून घेतलेल्या रंगचित्राचा पहिला मालक, विरुद्ध करार नसल्यास, ते काढून घेणारा असतो. म्हणून मूळ चित्र, पुनर्मुद्रण व अन्य वापर यांविषयी आधी लेखी करार करणे चित्रकाराच्या हिताचे असते. हक्क दुसऱ्याकडे गेले, तरी चित्राचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा आणि प्रतिष्ठेला बाध आणणाऱ्या विकृतीस हरकत घेण्याचा अधिकार ५७ व्या कलमाने कर्त्याकडेच राहतो. आवडत्या खेळातील पात्रे घेऊन हौशी चित्रकारही चित्रे काढतात. ५२ व्या कलमात खाजगी उपयोग व समीक्षा यांसाठी न्याय्य वापराची मुभा आहे. अशी चित्रे छापून विकावयाची असल्यास मात्र हक्कधारकाची अनुमती आवश्यक ठरते.