घोड्याच्या नाकावरचा चष्मा

फ्रान्सिस ग्रोस हा चांगला गरगरीत इंग्रज गृहस्थ. लंडनच्या चोर-उचल्यांची, गुत्त्यांतली बोली त्याने गोळा केली आणि १७८५ मध्ये तिचा कोश छापला. त्यात डोळ्यांना ‘पीपर्स’ आहे, ‘ग्लेझियर्स’ आहे आणि ‘डेलाइट्स’ही. कुणाचे ‘डेलाइट्स’ काळे करायचे म्हणजे डोळे मिटेपर्यंत ठोसे हाणायचे. पापणीची कातडी अंगावरच्या कातडीत सर्वांत पातळ, तिच्याखालचं मांसही सैल. त्यामुळे रक्त चटकन साकळतं आणि डोळा टम्म फुगतो.

चष्म्याला मात्र ‘बार्नकल्स’. खडकाला चिकटणारा समुद्री जीव तो हा नव्हे. हा अवखळ घोड्याच्या नाकाला लावायचा चिमटा! (अशा चिमट्याने घोडा शांत का होतो? वरचा ओठ आवळला की त्याच्या रक्तात वेदनाशामक एंडॉर्फिन वाढतं, असं डच संशोधकांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडलं.)

शब्द अगदी नेमका होता. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत चष्मा आला तो बिनकाड्यांचा. दोन भिंगांच्या दांड्या एका खिळ्याने जोडलेल्या. नाक आवळून बसवायचा, नाहीतर हाताने धरायचा. लंडनच्या एडवर्ड स्कार्लेटने १७३०च्या सुमारास काड्यांच्या चष्म्याची जाहिरात केली. त्या काड्याही कानावर अडकत नसत, टोकाच्या वेटोळ्यांनी कानशिलं दाबत. ग्रोसचा कोश निघाला तेव्हा काड्या येऊन पन्नासेक वर्षं झाली होती, बोलीत मात्र चष्मा अजून नाकावरच लटकत होता.

पुढे तो तबेल्यातून गाडीवर चढला. १८५३ मध्ये कथबर्ट बीड या टोपणनावाने आलेल्या कादंबरीत ऑक्सफर्डमधल्या चष्मेवाल्या नवख्या पोराला ‘गिग-लॅम्प्स’ म्हणून चिडवतात. गिग म्हणजे दुचाकी घोडागाडी. तिच्या दोन बाजूंना दोन दिवे.

आपल्याकडेही शाळेत चष्मेवाल्याला ‘ढापण्या’ म्हणतात, आणि ढापणं असतात टांग्याच्या घोड्याला. त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. बाजूची रहदारी बघून तो बुजू नये म्हणून डोळ्यांच्या कडा झाकायच्या. चष्मा याच्या नेमका उलट, दिसावं म्हणून लावायचा. तरी चिडवणारी पोरं अगदीच चुकत नाहीत. जाड नंबरवाल्याला फ्रेमच्या आतलंच स्पष्ट दिसतं, कडेचं सगळं धूसर. म्हणून रस्ता ओलांडताना तो नुसते डोळे फिरवत नाही, अख्खी मान वळवतो.